जळालेल्या झाडाचे काय?

आमच्या धर्मग्रामातील एका तरुणाच्या महिन्याच्या मिस्सेला मी गेलो होतो. अपघातात गेला तेव्हा त्याचे तेविसावे वर्ष चालू होते. वेदीवर त्या दिवशी पाहुणे धर्मगुरू होते. काही वर्षे अमेरिकेत राहून आलेले, व्यासंगी, बोलणे मृदू. प्रवचनात त्यांनी अ‍ॅस्पेन नावाच्या झाडाची हकिकत सांगितली. तिकडच्या डोंगरांत या झाडांची मोठमोठी राने असतात. वणवा लागला की रानाची राख होते. परंतु वर्ष लोटायच्या आत त्याच राखेतून हजारो कोवळे कोंब वर येतात, कारण आगीची धग जमिनीखालच्या मुळापर्यंत पोहोचलेलीच नसते. तुमच्या घरावरूनही असाच वणवा गेला आहे, पण श्रद्धेचे मूळ शाबूत आहे, तेव्हा धीर सोडू नका, असे त्यांनी त्या घरातल्या माणसांना सांगितले. दोनतीन बाकांवर डोळे पुसले गेले. मलाही प्रवचन आवडले. खरे सांगायचे तर, पुढे कुठे सांत्वनाला जावे लागले तर हा दाखला उपयोगी पडेल, अशी नोंदही मी मनात करून ठेवली.

मिस्सेनंतर चर्चच्या आवारात मुलाची आई भेटली. माझ्याशी तिचा परिचय जुना. ती म्हणाली, "भाऊ, फादर बोलले ते खरंच असणार. नवी झाडं आली, चांगलं झालं. पण जे जळालं त्या झाडाचं काय?"

मी काहीतरी पुटपुटलो. देवाच्या मनातले आपल्याला कळत नाही, अशा अर्थाचे ते असावे. तिने मान हलवली आणि ती दुसऱ्या पाहुण्यांकडे वळली. प्रश्न मात्र माझ्याबरोबर घरी आला.

आधी झाडाविषयी. फादरांनी सांगितले त्यात चूक काही नव्हती. उलट वस्तुस्थिती अधिक विलक्षण आहे. अ‍ॅस्पेन हे उत्तर अमेरिकेतल्या थंड प्रदेशातले झाड. साल गुळगुळीत आणि पांढुरकी. पानांचे देठ चपटे असल्यामुळे वाऱ्याची नुसती झुळूक आली तरी सगळे झाड आपल्याकडच्या पिंपळासारखे सळसळते. युरोपात याच्या भाऊबंदांविषयी एक जुनी आख्यायिका आहे की, प्रभूचा क्रूस त्या लाकडाचा केला, आणि तेव्हापासून ते झाड कापतच आहे. त्याची साल इतकी पातळ असते की, जमिनीवरून सरपटत जाणारी साधी आगसुद्धा बुंध्याला मारून टाकते. आगीपुढे हे झाड दुबळेच म्हणायचे. त्याचे सामर्थ्य सगळे जमिनीखाली. एकाच मुळावर शेकडो, कधी हजारो बुंधे उभे राहतात, आणि आपल्याला जे रान दिसते ते पुष्कळदा एकच झाड असते. युटा राज्यातील फिशलेक अरण्यात असे एक झाड आहे. त्याला ‘पांडो’ असे नाव दिलेले आहे. लॅटिन भाषेत त्याचा अर्थ ‘मी पसरतो’. सुमारे ४३ हेक्टरांवर पसरलेले, अंदाजे ४७,००० बुंधे असलेले, वजन सुमारे ६,००० टन, आणि मूळ एक.

हे कोंब येतात तरी कसे? झाडाच्या शेंड्यांकडून मुळांकडे एक रासायनिक द्रव्य सतत उतरत असते. वर सर्व क्षेम आहे, तुम्ही नवे कोंब काढण्याची घाई करू नका, असाच जणू तो निरोप असतो. आगीत शेंडे गेले की निरोप थांबतो. इतका काळ दबून राहिलेले मुळांवरचे अंकुर मोकळे होतात. वरची सावली गेलेली असते, काळी पडलेली जमीन ऊन शोषून घेऊन तापते, आणि पहिल्याच वर्षी एकेका हेक्टरात हजारोंनी कोंब उठतात. त्यांतले काही तर वर्षभरात कमरेपर्यंत येतात. १९८८ साली यलोस्टोन उद्यानात मोठा वणवा लागला. जवळजवळ आठ लाख एकर, म्हणजे उद्यानाचा एक तृतीयांशाहून अधिक भाग आगीच्या वेढ्यात सापडला. त्यानंतर, जिथे पूर्वी अ‍ॅस्पेन नव्हते अशाही ठिकाणी ते बियांपासून उगवलेले आढळले, आणि अभ्यासकांनाही त्याचे आश्चर्य वाटले.

तेव्हा त्या आईला शास्त्राच्या काटेकोर भाषेत उत्तर द्यायचे झाले तर ते असे द्यावे लागेल: बाई, झाड जळालेच नाही, जळाला तो फक्त बुंधा. झाड खाली सुखरूप आहे.

आणि इथेच माझे पाऊल अडखळले. हे उत्तर अ‍ॅस्पेनच्या बाबतीत शंभर टक्के खरे आहे. तिच्या मुलाच्या बाबतीत ते उच्चारतासुद्धा येणार नाही.

वास्तविक कोंबांचा हा चमत्कार पाहायला इतके दूर जाण्याचे कारण नाही. आमच्या बोरिवलीच्या मागेच संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे सुमारे १०४ चौरस किलोमीटरांचे रान आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये, आपला प्रायश्चित्तकाळ चालू असतो त्याच दिवसांत, तिथे पळस फुलतो. पळसही आपल्या मुळांवरून नवे कोंब काढतो. तोडला, जाळला तरी पुन्हा वर येतो. सागाच्या लहान रोपाची तर तऱ्हाच न्यारी. उन्हाळ्यात किंवा आगीत त्याचा वरचा भाग मरतो, पावसात पुन्हा फुटतो, पुन्हा मरतो. असे काही वर्षे चालते. वर पाहणाऱ्याला वाटावे, या रोपाचे काही खरे नाही; पण खाली मूळ जाड होत असते, आणि एके वर्षी ते रोप असा शेंडा काढते की मग तो मरत नाही.

मात्र या दोन रानांत एक फरक आहे, आणि तो नैतिक फरक आहे. अमेरिकेतल्या त्या डोंगरांत विजेने आग लागते. एकदा लागून गेलेली आग पुन्हा त्याच जागी यायला कित्येकदा अनेक दशके जातात. आपल्याकडे कडक उन्हाळ्यात वीज पडून वणवा लागणे विरळाच. इथली आग बहुधा माणसाच्या हातून लागते. कुणी गवत पेटवतो, कुणी विडीचे थोटूक टाकतो, कुणाला जमीन मोकळी हवी असते. वनखात्याची माणसे उन्हाळ्यापूर्वीच गवताचे पट्टे जाळून जाळरेषा आखतात, ती या माणसाच्या हाताला बांध म्हणून. ३ डिसेंबर २०१८ च्या संध्याकाळी गोरेगाव पूर्वेला आरे वसाहतीलगतच्या डोंगरावर लागलेली आग उपनगरातल्या कितीतरी जणांनी आपापल्या गॅलरीतून पाहिली. ती कित्येक तास जळत होती. पावसाळा आला की असे डोंगर हिरवे होतात. पण लांबून हिरवे दिसणे वेगळे आणि रान परत येणे वेगळे. पुन्हा पुन्हा जाळलेल्या जागी मुळातली शिदोरी संपत जाते, आणि मग जी हिरवळ दिसते ती गवताची आणि घाणेरीच्या झुडपांची असते. सहनशील मुळालाही अंत असतो.

आता समजा, आग लावणाऱ्या माणसाला पकडले, आणि तो म्हणाला, "त्यात काय झाले? पावसात पुन्हा उगवेल की!" वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने त्याचे विधान कदाचित बरोबरही ठरेल. पण आपल्याला त्याची चीड येईल. म्हणजे हेच वाक्य फादरांच्या तोंडी सांत्वन होते आणि जाळणाऱ्याच्या तोंडी निर्लज्जपणा. वाक्याचे खरेखोटेपण पुरेसे नाही. ते कोण, कुणाला, केव्हा सांगतो, हाही त्याच्या सत्याचा भाग आहे, असे मला वाटू लागले.

आम्हा उपनगरवासीयांना याचा अनुभव आहे. ११ जुलै २००६ च्या संध्याकाळी पश्चिम रेल्वेच्या गाड्यांत अकरा मिनिटांत सात बॉम्बस्फोट झाले. वांद्रे, खार, जोगेश्वरी, बोरिवली, ही आपल्या रोजच्या येण्याजाण्यातली स्थानके. दोनशेच्या आसपास माणसे गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच मार्गावर गाड्या धावत होत्या, आणि त्या भरलेल्या होत्या. शहराचे त्याबद्दल फार कौतुक झाले; ‘मुंबईचे स्पिरिट’ हा शब्दप्रयोग तेव्हापासून घासून गुळगुळीत झाला आहे. गाड्या भरलेल्या होत्या हे खरे, आणि त्या माणसांचे धैर्यही खरे. पण त्यांतल्या बहुतेकांना कामावर न जाणे परवडणारे नव्हते, हेही तितकेच खरे. शहर हे मुळासारखे असते. त्याचे बुंधे पडले की दुसरे उभे राहतात. आठ-बावन्नच्या गाडीत ज्याच्या जागेवर कालपर्यंत एकजण बसत होता, तिथे आज दुसरा बसतो. शहराने याचा अभिमान बाळगावा की थोडी लाज बाळगावी, याचा निर्णय मला अजून करता आलेला नाही. ज्या घरात त्या संध्याकाळी कुणी परतले नाही, त्या घराला मात्र शहराच्या पालवीशी काय देणेघेणे?

मुळाचे म्हणून जे बोलले जाते ते खोटे नाही. ते समूहाला लागू पडते, आणि समूहाच्या बाबतीत आम्ही ख्रिस्ती लोक ते आपल्या इतिहासातूनच दाखवू शकतो. अंधेरीला सीप्झच्या आवारात संत योहान बाप्तिस्ता यांच्या जुन्या चर्चचे अवशेष आहेत. येशूसंघीयांनी ते १५७९ साली बांधले. १८४० साली साथीच्या रोगाने गावाची दाणादाण उडाली आणि लोकांनी ते चर्च सोडून मरोळला नवे उभारले. मरोळचा धर्मग्राम आज गजबजलेला आहे. मूळ जगले, दुसरीकडे फुटले. पण जुन्या चर्चच्या उघड्या भिंतींमध्ये उभे राहिले की माझ्या मनात येतात ती त्या साथीत गेलेली माणसे. मरोळचा भरभराटलेला धर्मग्राम ही त्यांची भरपाई आहे काय? आपण त्यांचे ऋणी आहोत, इतकेच म्हणता येईल. भरपाई हा शब्द तिथे चालत नाही.

पवित्र शास्त्रात हा प्रश्न सर्वांत धीटपणे कुणी विचारला असेल तर ईयोबाने. आश्चर्य म्हणजे, फादरांचा दाखला तो चौदाव्या अध्यायात स्वतःच देतो, पण अगदी उलट कामासाठी. झाड तोडले तरी त्याला आशा असते, असे तो म्हणतो. मूळ जमिनीत जुने झाले, खोड मातीत सुकून गेले, तरी पाण्याचा नुसता वास लागला की ते पुन्हा पालवते. आणि मग तो विचारतो, पण माणसाचे काय? माणूस मेला की गेला. हजारो वर्षांपूर्वी राखेत बसलेल्या त्या माणसाला कोंबांची गोष्ट ठाऊक होती. ती त्याला पुरली नाही. आमच्या धर्मग्रामातल्या त्या बाईने ईयोबाचा ग्रंथ वाचला असेल-नसेल. तिने विचारलेला प्रश्न शब्दशः तोच होता.

त्याच ग्रंथाच्या शेवटी एक हिशेब दिला आहे. देवाने ईयोबाला गेलेले सर्व दुपटीने परत दिले. सात हजार मेंढरांची चौदा हजार झाली, तीन हजार उंटांचे सहा हजार, बैलांच्या पाचशे जोड्यांच्या हजार, पाचशे गाढवींच्या हजार. परंतु मुले? पूर्वी सात मुलगे आणि तीन मुली होत्या. शेवटीही सात मुलगे आणि तीन मुलीच. दुप्पट नाहीत. लहानपणी मला ही लेखकाची नजरचूक वाटे. पुढे वाचनात आले की काही जुन्या भाष्यकारांनी याचे कारण शोधले होते: मेंढरे मेली की संपली, म्हणून त्यांची संख्या नव्याने दुप्पट करावी लागली, मुले मात्र संपलेली नव्हती. आधीची दहा देवापाशी होती, नंतरची दहा घरी. म्हणजे तीही दुप्पटच झाली. व्याकरणाने हा अर्थ सिद्ध होईल की नाही हे पंडितांनी ठरवावे. मला त्यातली एक गोष्ट मोलाची वाटते. या भाष्यकारांनी नव्या दहा मुलांना जुन्या दहांच्या जागी बसू दिले नाही.

ख्रिस्तसभेची शिकवणही हेच सांगते. प्रत्येक माणसाचा आत्मा देव स्वतः, थेट निर्माण करतो. तो आईबापांच्या मुळावर आलेला फुटवा नव्हे. म्हणून माणूस हा वंशाचा, जातीचा, शहराचा, इतकेच काय, धर्मग्रामाचाही बुंधा होऊ शकत नाही. बायबलमध्ये कोंबाची प्रतिमा येते, ती यशयाच्या अकराव्या अध्यायात, इशायाच्या खोडाला फुटलेल्या अंकुराच्या रूपाने. पण ती घराण्याविषयी आहे. दाविदाचे तोडलेले घराणे पुन्हा पालवेल, हे ते अभिवचन. जिथे मेलेल्या माणसाच्याच पुनरुत्थानाविषयी बोलायचे आहे, तिथे संत पौल करिंथकरांस लिहिताना कोंब बाजूला ठेवतो आणि बी हातात घेतो. पुरले गेले तेच नव्या रूपाने उठणार आहे, हे त्याला सांगायचे आहे. आमच्या शाळेतले वनस्पतिशास्त्राचे गुरुजी यावर हरकत घेतील, हे मला ठाऊक आहे. त्यांच्या शास्त्रात नेमके उलटे आहे: कोंब म्हणजे तेच जुने झाड, आणि बी म्हणजे नवीनच जीव. त्यांचे बरोबर आहे. पौल शेतीशाळा चालवत नव्हता. त्याचे लक्ष मातीत पुरल्या गेलेल्या त्या एका दाण्यावर होते.

पुनरुत्थित प्रभूने शिष्यांना आणि मागाहून थोमाला दाखवले ते काय? नवे, निर्मळ, डागरहित शरीर दाखवता आले असते. त्याने खिळ्यांचे वण दाखवले. वणव्यानंतरच्या रानात जळाल्याची खूण काही वर्षांत पुसली जाते. रान विसरून बरे होते. प्रभूचे उठणे विसरून झालेले नाही. पास्काच्या रात्री आपण चर्चबाहेर अंधारात नवा अग्नी पेटवतो आणि त्यावरून पास्काची मेणबत्ती लावतो, तेव्हा त्या मेणबत्तीत धुपाचे पाच मणी खोवलेले असतात, प्रभूच्या पाच जखमांची खूण म्हणून. त्याच रात्रीच्या स्तोत्रात ख्रिस्तसभा आदामाच्या पापालाही भाग्याचे म्हणण्याइतके धाडस करते. पण ते धाडस ती शुभशुक्रवार ओलांडल्यावर, हातात तीच मेणबत्ती घेऊन, स्वतःच्या पापाविषयी करते. दुसऱ्याच्या दुःखाला भाग्याचे म्हणण्याचा परवाना त्या गाण्याने कुणाला दिलेला नाही. संत अगस्तीन म्हणतात की वाईटाला मुळीच वाव न देण्यापेक्षा वाईटातून चांगले घडवणे देवाला अधिक बरे वाटले. मी ते मानतो. पण ते देवाचे काम आहे. मी चहाचा कप हातात धरून दुसऱ्याच्या अंगणात ते त्याच्या वतीने जाहीर करावे, असे मला कुणी सांगितलेले नाही.

मग सांत्वनाला जाऊन करायचे काय? इथे पांडोकडूनच एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. ते प्रचंड झाड आज धोक्यात आहे, आणि ते वणव्यामुळे नव्हे. मुळावरून कोंब येतात, पण हरणे आणि चरायला सोडलेली गुरे ते कोवळेपणीच खाऊन टाकतात. जुने बुंधे म्हातारे होऊन पडतात, त्यांच्या जागी उभे राहायला नवे उरत नाहीत. म्हणून तिथल्या माणसांनी झाडाच्या काही भागांभोवती कुंपण घातले, आणि नीट राखलेल्या कुंपणाच्या आत कोंब वाढू लागले. कोंबांना कुणी उपदेश केला नाही. त्यांना फक्त खाऊ दिले नाही.

दुःखातल्या घरी आपण पुष्कळदा गुरांसारखे शिरतो, असे आता मला वाटते. कसे झाले, कुठे झाले, डॉक्टर काय म्हणाले, विम्याचे किती मिळाले, धाकट्याचे लग्न आता लवकर करा. प्रत्येकजण एक कोवळे पान तोडून जातो. माझा अ‍ॅस्पेनचा दाखलाही त्यातलाच झाला असता. त्या घराला गरज होती ती कुणीतरी सकाळी जाऊन रेशन आणण्याची, पोलीस ठाण्यात बापाबरोबर जाऊन बसण्याची, आणि आई मुलाविषयी बोलू लागली तर तिला मध्येच न थांबवण्याची. आमच्या पेठेतल्या दोन बायकांनी हे वर्षभर केले. प्रवचन त्यांना देता आले नसते.

वर्षश्राद्धाच्या मिस्सेसाठी नाव नोंदवायला ती आई धर्मग्रामाच्या कार्यालयात आली, तेव्हा योगायोगाने मीही तिथे होतो. कारकुनाने वहीत ‘कुटुंबातील सर्व मृतात्म्यांसाठी’ असे लिहायला घेतले होते. पुष्कळ जण तसेच लिहायला सांगतात, त्यात सगळेच येतात. तिने त्याला थांबवले. "सगळ्यांसाठी दुसरी मिस्सा देईन मी," ती म्हणाली, "ही त्याची आहे." मग तिने मुलाचे स्नानसंस्काराच्या वेळी ठेवलेले पूर्ण नाव सांगितले, बापाच्या नावासकट. कारकुनाने लिहिले. वही आपल्याकडे वळवून घेऊन तिने ते वाचले. एक वेलांटी चुकली होती. ती तिने दुरुस्त करायला लावली.